डब्याच्या वेळी काय लावू, झोपताना काय लावू?

ठाण्याच्या एका ताईंनी विचारलंय, थोडक्यात असं: "शास्त्रीय संगीतातलं मला काही कळत नाही, पण ऐकायला आवडतं. सकाळी डबे करताना, ऑफिसला जाताना गाडीत, मुलाच्या अभ्यासाच्या वेळी आणि रात्री झोप लागत नाही तेव्हा काय लावावं? पुढच्या महिन्यात वास्तुशांत आहे. सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत. कुठल्या मूडला कुठला राग, अशी एखादी यादी द्याल का?"

ताई, यादी देत नाही, रागावू नका. मी मिरजेत राहतो, पस्तीस वर्षं पेटीची साथ केली, आता घरी मुलांना शिकवतो. तुम्ही मागताय तसल्या याद्या माझ्याही फोनवर दर आठवड्याला येतात. आनंदी असाल तर अमुक, उदास असाल तर शिवरंजनी, रक्तदाबाला तमुक, पित्ताला आणखी काही. रोग बरे करणाऱ्या रागांवर माझा विश्वास नाही. तसं असतं तर आमच्या साथीदारांत गोळ्या खाणारा एकही सापडला नसता. आणि शिवरंजनीचं म्हणाल, तर आकाशवाणीची जुनी ओळखधून आठवा. वॉल्टर कॉफमन यांनी 1936 मध्ये बांधलेली ती धून शिवरंजनीच्याच अंगाची. वर्षानुवर्षं घराघरात पहाटे ती वाजायची, आणि ती ऐकून कोणी डोळे पुसत बसल्याचं मी पाहिलं नाही. लोक उठायचे आणि बंब पेटवायचे.

राग म्हणजे नुसते स्वर नव्हेत, घोळ तिथेच होतो. मारवा, पूरिया आणि सोहनी, तिन्हींत स्वर तेच: कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य, म्हणजे 'प' घ्यायचाच नाही. पण पूरिया मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, रमणारा, गंभीर. मारवा षड्जावर, म्हणजे 'सा'वर, यायलाच तयार नसतो, सतत काहीतरी राहून गेल्यासारखा. सोहनी वरच्या सप्तकात लखलखते आणि बघता बघता संपते. भूप आणि देसकारचंही तेच. सा रे ग प ध हे पाच स्वर पेटीवर घेऊन बघा, फोनवरची पेटी असली तरी चालेल. गंधारावर, म्हणजे 'ग'वर, सावकाश टेकलात की संध्याकाळनंतरचा भूप. वजन धैवतावर, म्हणजे 'ध'वर, टाकून वरच्या अंगाने फिरलात की सकाळचा देसकार. पट्ट्या त्याच, बोटं तीच. तेव्हा रागाचं नाव वाचून मूड ठरवणं म्हणजे भाजीचं नाव ऐकून तिखट किती असेल ते सांगणं.

मग बघायचं काय? मी आधी लय बघतो. मग गळा आहे की वाद्य, आणि रेकॉर्ड किती मिनिटांची आहे. चौथी गोष्ट कोणी सांगत नाही: रेकॉर्डच्या शेवटी काय आहे. रागाचं नाव माझ्या हिशेबात त्यानंतर येतं. अपवाद एक, लग्नकार्य. तिथे नाव आधी बघावं, आणि हे मी पोळून निघाल्यावर शिकलोय.

पुतणीचा साखरपुडा होता, संध्याकाळी सहाचा. "काका, गाण्याचं तुम्ही बघा," असं सांगितल्यावर मी शास्त्राला धरून मारवा काढला. सूर्य मावळतीला, प्रहर बिनचूक, सरोदही उत्तम. दहा मिनिटं झाली आणि मुलाकडच्या आजी शेजारणीला विचारायला लागल्या, "अहो, कुणी गेलंय का यांच्यात?" वहिनीने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी उठून यमन लावला. मारवा वाईट नाही हो, माझा फार आवडता आहे. गच्चीवर एकटं बसून ऐकण्याचा राग तो, पेढ्यांबरोबर देण्याचा नव्हे.

आता तुमचे डबे. सकाळी सात ते पावणेआठ हात भराभर चालतात आणि डोकं निम्मं झोपेत असतं. इथे बडा ख्याल, म्हणजे रागातलं संथ, मोठं गाणं, अतिविलंबित लयीत लावू नका. किराणा घराण्याच्या अंगाने गायलेल्या विलंबित एकतालाचं एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, मिनिटभरापर्यंत जातं. तुमच्या दोन पोळ्या होतील तेव्हा एकदा सम, म्हणजे फेऱ्याची पहिली मात्रा, येईल. हात आणि कान एकमेकांशी भांडतात. तराणाही, म्हणजे 'तोम तनन' अशा बोलांचं भरभर गाणं, नको. आमच्या घरी हा प्रयोग झालेला आहे: द्रुत तराण्याला सौ.ची पोळी जाड राहते, कारण लाटणं घाईला येतं. मध्यलय तीनताल असेल तर काम बरं होतं. सोळा मात्रांत लाटून होते, तव्यावर पडते आणि बऱ्याचदा समेवर पडते. तसं झालं की स्वयंपाकघरातून "वाऽ!" येतं आणि ते गवयाला आहे की स्वतःला, हे मी विचारत नाही. भाजी चिरायला मी असतो.

त्यामुळे सकाळसाठी जयपूर घराण्याकडे जा. अल्लादिया खाँसाहेबांची ही गायकी कोल्हापुरात रुजली, आपल्याच घरची म्हणा ना. त्यांचा ख्याल फार संथ नसतो, तालाचं चाक पहिल्या मिनिटापासून फिरत असतं. मल्लिकार्जुन मन्सूर तर प्रस्तावना करतच नाहीत. दार उघडून थेट आत. त्यांचा यमनी बिलावल लावा. नावात संध्याकाळचा यमन असला तरी तो सकाळचाच आहे. कुकरची शिट्टी मध्ये आली तरी हे गाणं मोडत नाही. आमच्या कुकरची शिट्टी पेटीच्या काळी चार पट्टीच्या जवळपास लागते. कधी सुरात बसते, कधी बसत नाही.

आणि चहापुरतीच फुरसत असेल तर जुन्या, मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकड्या शोधा, इंटरनेटवर आता बऱ्याच सापडतात. एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं, एवढंच. त्या गवयांनी तासाचा राग तेवढ्यात मावेल असा आवळून ठेवलाय. मिरजेचा असल्यामुळे माझं पहिलं नाव अब्दुल करीम खाँसाहेबांचं. त्यांचं झिंझोटीतलं ठुमरीचं गाणं ऐका, आवाज सुईच्या टोकासारखा. दुसरं केसरबाई केरकरांची भैरवी. गोव्यातल्या केरीच्या या बाईंचा आवाज 1977 मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर अवकाशात गेला, तो हाच. दूध उतू जायच्या आत संपते.

गाडीबद्दल थोडक्यात. द्रुतगती मार्गावर 'झाला' ऐकू नका. सतार-सरोदच्या शेवटी चिकारीच्या तारांवर तो जो पाऊस पडतो ना, तो सुरू झाला की उजवा पाय नकळत खाली जातो. माझा गेलाय, आणि त्याची पावती घरपोच आली. अतिविलंबित आलापानेही, म्हणजे ठेक्याविना संथ उलगडणाऱ्या सुरांनीही, धोका आहे, तो उलटा: डोळा लागतो. ठाणे-मुंबई गर्दीत मात्र गोष्ट वेगळी. गाडी हलतच नाही तिथे तुम्ही विलायत खाँ किंवा निखिल बॅनर्जींची सतार पहिल्या आलापापासून लावा. चाळीस मिनिटांच्या कोंडीला चाळीस मिनिटांचा राग, बाहेरचे हॉर्न कोणत्या स्वरात आहेत ते ओळखण्याची करमणूक वेगळी.

मुलाच्या अभ्यासाला शब्द नकोत. बंदिशीचे, म्हणजे रागात बांधलेल्या गाण्याचे, बोल ब्रज भाषेतले, अर्थ लागो न लागो, कान त्यांच्यामागे जातोच. बासरी, संतूर किंवा रुद्रवीणा. झिया मोहिउद्दीन डागर यांची वीणा एकदा लावून बघा. पनवेलजवळ पळस्प्याला त्यांचं गुरुकुल होतं, म्हणजे तुमच्यापासून तासाभराच्या अंतरावर. आलाप इतका सावकाश की एका स्वरावरून दुसऱ्यावर जाईपर्यंत मुलाचं एक गणित सुटेल. तबला मात्र टाळा. ठेका आला की मुलगा बाकावर बोटं वाजवणार, आणि वाजवली नाहीत तर मला त्याची जास्त काळजी वाटेल.

पण माझं खरं मत विचाराल तर अभ्यासाला गाणं नकोच, नुसता तानपुरा लावा. फोनवर फुकट मिळतो. आमच्या मिरजेत तानपुरे बनतात, सतारमेकर गल्लीत जाऊन कधी बघा. घोडीवर तारेखाली एक सुती दोरा सरकवतात, त्याला जीव म्हणतात. कारागीर तार छेडतो, दोरा केसभर पुढे घेतो, पुन्हा छेडतो. आधी आवाज नुसता 'टण्' असा लाकडी येतो. दोरा नेमक्या जागी आला की तीच तार उघडते आणि गुंजायला लागते, तिच्यातून न वाजवलेले स्वर ऐकू येतात, गंधार तर स्पष्ट. याला जवारी लागणं म्हणतात. तासन् तास तो आवाज चालू असला तरी त्याचा कंटाळा येत नाही, कारण त्यात पुढे काय होणार याची वाट बघायची नसते. खोलीतला मिक्सर, रस्त्यावरची भांडणं सगळं त्याच्यामागे जातं. फोनवर षड्ज काळी एक ठेवा, पहिली तार पंचमाची, आवाज पंख्याइतका. हिशेब लिहायला बसतो तेव्हा मी स्वतः हेच करतो.

झोपेच्या बाबतीत सगळे चुकतात, आणि चूक रागात नसते. लोक दरबारी लावतात, मालकंस लावतात. दोन्ही रात्रीचे, गंभीर, निवड चुकीची म्हणता येणार नाही. पण आपल्या गाण्याची मांडणीच अशी आहे की ते संथ सुरू होतं आणि वेगात संपतं. पहिल्या पंचवीस मिनिटांत तुमचा डोळा लागतो, आणि पस्तिसाव्या मिनिटाला गवई द्रुतात तानांची फैर झाडतो. मैफलीची रेकॉर्ड असेल तर वर टाळ्या. तुम्ही दचकून जाग्या होता आणि सकाळी सांगता, "शास्त्रीय संगीताने माझी झोप उडते." बरोबरच आहे. मैफल ही माणसाला जागवण्यासाठीच बांधलेली असते, रात्रभर.

यावर उपाय साधा आहे. फोनला वीस मिनिटांनी बंद होण्याची वेळ लावा. किंवा ज्यात नुसता आलाप आहे अशाच रेकॉर्डी घ्या. ध्रुपदाच्या, म्हणजे ख्यालाहून जुन्या गायकीच्या, गायकांचे आणि वीणेचे आलाप वेगळे सुटे मिळतात. पन्नालाल घोषांची बासरी मी सुचवीन. लांब, जाड बासरीवर मंद्रातले स्वर काढणारा हा माणूस. तो आवाज कानात शिरत नाही, अंगावर पांघरल्यासारखा येतो. अमीर खाँसाहेबांचं विलंबितही शांत आहे, पण ते झोपायला लावणं मला जिवावर येतं. इतकी वर्षं ऐकतोय, प्रत्येक वेळी ऐकत जागाच राहिलोय.

मन खट्टू असेल तेव्हाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण यादी मागितलीत त्यात ते आलंच. उदास माणसाला लगेच हसरं गाणं लावू नये, त्याला ते ओरडल्यासारखं वाटतं. आधी मनाच्या शेजारी बसेल असं लावा. जोगिया राग लावा, किंवा कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं. क्षयाने एक फुप्फुस निकामी झालेला हा माणूस, देवासला वर्षानुवर्षं न गाता पडून होता. त्या काळात माळव्याच्या लोकधुना त्याच्या कानावर पडत राहिल्या आणि पुढे त्यातून त्याचं गाणं वेगळंच उगवलं. श्वास तोकडा, म्हणून छोटे छोटे स्वरांचे तुकडे फेकल्यासारखे येतात. दुःखात ते बरोबर लागतात. अर्ध्या तासाने वाटलं तर किशोरीताई आमोणकरांचा भूप लावा, नाही वाटलं तर तसंच राहू द्या.

पावसाळ्यात मला विचारू नका, मी पक्षपाती आहे. मियाँमल्हार थोर राग, दोन्ही निषाद, म्हणजे कोमल आणि शुद्ध 'नी', एकमेकांना घासून जातात तेव्हा ढग गडगडल्यासारखं होतं, पण तो गंभीर आहे. सुट्टीच्या दिवशी, खिडकीत, एकट्याने. घरात कांदाभजी तळली जात असतील तर गौडमल्हार किंवा देस. आणि मल्हाराला घड्याळ नाही, पाऊस असला की दिवसा-रात्री कधीही गावा, ही परंपरेनेच दिलेली सूट आहे. वसंतात बसंत-बहारलाही तीच.

घड्याळाचा विषय निघालाच आहे तर बोलून टाकतो. दिवसाचे आठ प्रहर, प्रत्येकाचे राग ठरलेले, हे पाळायलाच हवं का? पाप लागत नाही. कर्नाटक संगीतात हे बंधन आपल्याइतकं कडक नाही. जुन्या तबकड्या काढणारे गवईही रेकॉर्ड कंपनी बोलवील त्या वेळेला जाऊन मालकंस गायचे. आपल्याकडे तर भूपाच्या चालीवरच्या भूपाळ्या पहाटे म्हणतात आणि शास्त्र सांगतं भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा! तरी एकदा गंमत म्हणून वेळ पाळून बघा. तोडी सकाळी साडेनऊला, घरातले सगळे बाहेर पडल्यावर. तोच तोडी रात्री लावा. दुसऱ्या खेपेला काहीतरी पाहुणा अवेळी आल्यासारखं वाटतं, निदान मला वाटतं. माझी एक विद्यार्थिनी लंडनला असते. जूनमध्ये तिथे सूर्य सव्वानऊच्या पुढे मावळतो. तिने विचारलं, "सर, मारवा सहाला ऐकू की सव्वानऊला?" म्हटलं, खिडकीबाहेर बघ, मनगटाकडे बघू नकोस.

वास्तुशांतीचं सोपं आहे. गुरुजींचे मंत्र चालू असताना काहीही लावू नका, बासरीसुद्धा नको. दोन पवित्र गोष्टी एकमेकींवर घातल्या की नुसता गोंगाट होतो. पाहुणे येत असताना बिस्मिल्ला खाँची सनई. कुठलीही घ्या, फक्त रेकॉर्डची सुरुवात आधी ऐकून ठेवा, नाहीतर दहा मिनिटं संथ आलाप आणि दारात उभे पाहुणे. गणपतीची पूजा झाली की हंसध्वनी छान बसतो. हा राग दक्षिणेतून आपल्याकडे आला, रामस्वामी दीक्षितरांनी तो घडवला, आणि त्यांचे चिरंजीव मुत्तुस्वामी यांची त्यातली गणपतीची रचना तिकडे घरोघरी माहीत आहे. जेवणाच्या पंगतीला शिवकुमार शर्मांचं संतूर, दुपार असेल तर वृंदावनी सारंग. आवाज किती ठेवायचा? ताटवाट्यांचा आवाज गाण्यापेक्षा मोठा यायला हवा. उलटं झालं तर लोक ओरडून बोलतात आणि दुपारपर्यंत सगळ्यांची डोकी दुखतात. गळ्याचं गाणं पंगतीला लावू नका, मला ते गवयाचा अपमान केल्यासारखं वाटतं. चारच्या सुमाराला घरचे आठ-दहा जण सतरंजीवर पाय पसरून बसले की मग नाट्यपदं काढा, तेव्हा मागे गुणगुणणारं कोणीतरी निघतंच.

राहिल्या सासूबाई. आजारी माणसाला रोगाप्रमाणे राग लावायचा नसतो, आणि तुमच्या किंवा माझ्या आवडीचाही नाही. त्यांच्या विशी-पंचविशीत घरात काय वाजत होतं ते शोधा. माझे वडील शेवटचे दोन महिने पडून होते. मी मोठ्या भक्तिभावाने त्यांच्या उशाशी दरबारी लावला. त्यांनी दोन दिवस सहन केला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बंद कर रे, आधीच इथे अंधार आहे." त्यांना हवी होती तरुणपणी बघितलेल्या नाटकांतली पदं. ती लावल्यावर ते बोलत नसत, पण उजव्या हाताचं बोट चादरीवर मात्रा मोजायचं आणि समेला जरा जोरात पडायचं. शेवटच्या आठवड्यात ते समेच्या मागे पडायला लागलं. तरी पद बदललेलं त्यांना चालत नव्हतं.

अंथरुणावरच्या माणसाला आवाज बंद करता येत नाही, हेही ध्यानात ठेवा. अर्धा तास पुरे, मग शांतता. स्पीकर कानाशी नको, खोलीच्या दुसऱ्या टोकाला हवा. आणि विचारायचं ते सकाळी, चहा झाल्यावर विचारा; संध्याकाळी थकलेली माणसं "काहीही लाव" म्हणतात.